हत्तीचा पाऊस आणि सोयाबीनची गंजी

लातूर जिल्ह्यातला निलंगा तालुका दोन नद्यांच्या कचाट्यात आहे. उत्तरेकडून पूर्वेला वळसा घालणारी मांजरा आणि दक्षिणेची कड धरून येणारी तेरणा, या दोघींच्या मधला हा पट्टा. निलंगा गाव उंचवट्यावर आहे. नीळकंठेश्वराचं जुनं हेमाडपंती मंदिर शेकडो पावसाळे झेलून उभं आहे आणि नदीचा पूर गावात शिरला असं सहसा होत नाही. पुराची गावं खालच्या अंगाला आहेत: मदनसुरी, गुंजरगा, औराद शहाजानी, तगरखेडा. तगरखेड्याच्या शिवारात तेरणा मांजरेला मिळते आणि तिथून नदी कर्नाटकात उतरते. दोन्ही नद्या एकाच वेळी भरून आल्या की मोठी धाकटीचं पाणी घेत नाही. तेरणेचं पाणी मग मागं फुगतं आणि काठ सोडून काळ्या रानात पसरतं. या फुगवट्याला जोर नसतो, आवाज नसतो. ते दोन-दोन दिवस हलत मात्र नाही.

लातूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला दुष्काळ आठवतो, रेल्वेनं आणलेलं पाणी आठवतं. वर्षाला सातशे-आठशे मिलीमीटर पावसाच्या मुलखात पुराचा इतिहास तो काय असणार, असं वाटणं साहजिक आहे. पण मराठवाड्याच्या पावसाची एक खोड आहे. तो जून-जुलैत हुलकावण्या देतो आणि भाद्रपदात हिशेब चुकता करतो. बंगालच्या उपसागरात उठलेली वादळं आंध्र-तेलंगण ओलांडून थेट या पठारावर येऊन विरतात, तेव्हा उत्तरा नक्षत्र सरत आलेलं असतं आणि हस्त, म्हणजे हत्ती, लागलेला असतो. हत्तीचा पाऊस भिंती पाडतो ही म्हण इथल्या म्हाताऱ्या माणसांना कुणी शिकवावी लागत नाही. म्हणजे पूर जुना आहे आणि त्याची तारीखही जुनी आहे. बदललंय ते त्या तारखेला काठावर काय उभं असतं, ते. निलंग्याच्या पुराची गोष्ट सांगायची तर पाण्यापेक्षा पिकाची, घराची आणि कर्जाची सांगावी लागते.

जुन्या गावाची रचना बघा. वस्ती पांढरीत आणि शेती काळीत. पांढरी म्हणजे पिढ्यान्पिढ्यांच्या राबत्यानं उंच झालेलं गावठाण. काळी म्हणजे खाली नदीपर्यंत गेलेलं खोल रान. पाणी काळीत यायचं, पांढरीच्या पायथ्याला लागायचं आणि ओसरायचं. त्या खोल रानात पावसाळ्यात पीकच नसे. मृगापासून ते मोकळं ठेवून वखराच्या पाळ्यांवर पाळ्या द्यायच्या, तण मारायचं, ओल धरायची आणि हत्ती-चित्रात वाफसा आला की तिफण धरून शाळू, करडई, हरभरा, जवस पेरायचं, अशी रीत होती. मूग, उडीद, खरीप ज्वारी, तूर ही हलक्या-मध्यम रानातली पिकं. भाद्रपदाचा पूर काठच्या रानात शिरला तर त्याला उपटायला काही नसायचं. उलट ओल आणि गाळाचा थर ठेवून जायचा. बांध फुटायचे, पेरणी पंधरा दिवस मागं पडायची, कधी रान चिबडायचं. पण हातातोंडाशी आलेलं पीक गेलं, असं सहसा व्हायचं नाही.

म्हणून जुना पूर सुखाचा होता असं मात्र कुणी समजू नये. तो पैशांपेक्षा माणसं जास्त न्यायचा, आणि वाहून नेण्यापेक्षा घरात बसवून मारायचा.

त्याचं पहिलं हत्यार घर. या भागातलं घर म्हणजे मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर माळवद. लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. मृगाच्या आधी माळवदावर नवी माती पसरायची, धुम्मसानं ठोकून बसवायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या. दरवर्षी एक थर चढायचा. जुना काढायचं कुणाच्या मनात येत नसे. चार दिवस झड लागली की ती माती पाणी प्यायची, वजन दुप्पट व्हायचं आणि भिंतीच्या पोटातला चिखल सुटायचा. बायका रात्रभर गळणाऱ्या जागेखाली भांडी सरकवत बसायच्या. मग एखाद्या पहाटे शेजारची भिंत बसल्याचा धप्पकन आवाज यायचा.

दुसरं हत्यार पेव. ज्वारी साठवायला गावठाणात जमिनीखाली खणलेली ही कोठारं. तोंड अरुंद, पोट मोठं, आतून कडब्याचं किंवा भुशाचं अस्तर. एका पेवात घराची दोन-तीन वर्षांची बेगमी मावायची आणि दुष्काळात तेच तारायचं. पण पाणी झिरपलं की आतलं धान्य आंबायचं. पेव उघडल्यावर कुणी लगेच आत उतरत नसे. आधी दोरीला बांधून कंदील सोडायचा. ज्योत विझली तर आतली हवा वाईट आहे असं समजून तोंड दिवसभर उघडं ठेवायचं. तेवढी सबुरी न ठेवणारे आत गुदमरायचे. भिजलेल्या पेवातली ज्वारी काळपट पडायची, तिच्या भाकरीला आंबूस वास यायचा. ती फेकून देत नसत. सालगड्याच्या आणि रोजगाऱ्याच्या मापात ती जायची. पुराचा तोटा गावात सगळ्यांना सारखा वाटला जातो हा समज या पेवांनी तेव्हाच खोटा पाडला होता.

तिसरं हत्यार पटकी. पावसाचं पाणी उकिरड्यावरून, गोठ्यातून वाहत विहिरीत उतरायचं आणि आठवड्याभरात गावात उलट्या-जुलाब सुरू व्हायचे. त्यावर गावाचा इलाज म्हणजे मरीआई. मराठवाड्यात गावाच्या कडेला तिचं ठाणं नाही असं गाव विरळाच. साथ आली की तिचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर न्यायचा, पुढच्या गावानं तो आपल्या शिवेतून पुढं ढकलायचा. गाड्यासोबत लिंबं-नारळ जायचे आणि दुर्दैवानं साथही जायची. त्या माणसांना हसायचं कारण नाही. पटकी पाण्यातून पसरते हे लंडनमध्ये जॉन स्नोनं १८५४ साली दाखवलं तरी तिथल्या शहाण्या डॉक्टरांना ते पचायला बरीच वर्षं लागली. गाडा शिवेबाहेर नेणाऱ्यांना रोग एका गावातून दुसऱ्या गावात चालत जातो हे कळलेलं होतं. वाट तेवढी चुकली होती.

या सगळ्यात सरकार कुठं होतं? निलंगा तेव्हा निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात. राज्याला पुराची जाग आली ती राजधानी बुडाल्यावर. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीनं हैदराबाद धुऊन काढलं. मृतांचा अंदाज १५ हजारांच्या घरात सांगितला जातो. अफजलगंजच्या दवाखान्याच्या आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढून दीडशे माणसं वाचली, ते झाड आजही लोक दाखवतात. तारीख पुन्हा तीच, हत्तीच्या तोंडावरची. सहाव्या निजामानं मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावलं, त्यांच्या सल्ल्यावरून उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये उभा राहिला. पाठोपाठ मांजरेवर निजामसागर बांधला गेला. १९२३ मध्ये सुरू झालेलं काम १९३१ मध्ये संपलं. धरण मोठं, काम उत्तम. पण ते होतं खाली निजामाबादकडं. मांजरेला पाणी देणाऱ्या वरच्या मराठी तालुक्यांच्या वाट्याला पुरासाठी काही आलं नाही. इथल्या शेतकऱ्याला बैल-विहिरीसाठी तगाई मिळे, तीही पाटील-पटवाऱ्याची मर्जी असेल तर. बाकी सगळा भार सावकाराच्या वहीवर.

१९४८ मध्ये निजामी संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्ह्यातून निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तीन तालुके काढून मुंबई राज्याला जोडले गेले आणि उस्मानाबाद जिल्ह्यात आले. पुढं १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला. शेजारचा भालकी तालुका तिकडंच, तेव्हाच्या म्हैसूर म्हणजे आताच्या कर्नाटक राज्यात राहिला. भाषेच्या हिशेबानं हे ठीकच झालं. मात्र नदीचं खोरं दोन राज्यांत वाटलं गेलं. मांजरेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या शिवारात एकाच दिवशी पाणी चढतं, पंचनामे मात्र दोन नियमांनी होतात. सोयरीक दोन्हीकडं असल्यामुळं कुणाला किती मिळालं हे लग्नकार्यात कळतं आणि मग बोलणी होतात.

स्वातंत्र्यानंतरच्या सरकारांनी पाणी अडवायचं मनावर घेतलं, तेही दुष्काळाच्या धाकानं. मांजरेवर धनेगावचं धरण झालं, तेरणेवर माकणीला निम्न तेरणा प्रकल्प झाला. नंतर तेरणेवर मदनसुरी, गुंजरगा, औराद, तगरखेडा असे बंधारे आले, त्यांचं उच्चस्तरीय बंधाऱ्यांत रूपांतर झालं. नदीत उन्हाळ्यापर्यंत पाणी राहू लागलं. काठावर ऊस आला, मोटारी आल्या, अंबुलग्याला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ज्या काळ्या रानात पूर्वी पावसाळ्यात वखर फिरायचा, तिथं बारा महिने पीक दिसू लागलं. ही समृद्धी खरी होती. पण बंधारा दोन कामं एकदम करू शकत नाही. दुष्काळी मुलखातलं बंधाऱ्याचं दार शेवटच्या थेंबापर्यंत पाणी धरायला बसवलेलं असतं, आणि हत्तीच्या रात्री तेच दार वेळेत उचललं गेलं नाही तर पाणी बगलेनं शेत फोडून जातं. काठच्या शेतकऱ्यांची ही जुनी तक्रार आहे. आधी उचललं आणि पुढं पाऊस झालाच नाही, तर उन्हाळ्यात शिव्या खायच्या. उशिरा उचललं तर आज. दारावर बसलेल्या माणसाची अडचण खोटी नाही, पण नुकसान त्याच्या बांधावर होत नाही.

मग किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र उलटून पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. भूकंपानं तेरणाकाठच्या गावांची माळवदं झोपलेल्या माणसांवर घातली; जवळपास आठ हजार मृत्यू सरकारी दप्तरात नोंदले गेले. त्यानंतरच्या दिवसांत पावसानं मदतकार्यालाही छळलं. हा पूर नव्हे, तरी पुराच्या इतिहासात त्याची जागा आहे. भूकंपानंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली आणि दगड-मातीची, माळवदाची घरं या भागातून जवळजवळ हद्दपार झाली. झडीत भिंत पडून मरण्याची भीती त्याबरोबर बरीच कमी झाली.

आणि एक नवी गोष्ट घडली, तिचा विचार तेव्हा फारसा कुणी केला नसावा. घर नव्या गावठाणात गेलं, शेत नदीकाठी राहिलं. सिमेंटच्या आखीव ओळीतल्या घरासमोर बैलांची दावण बांधायला जागा पुरेना. जनावरं शेतातल्या आखाड्यावर गेली. आता रात्री पाणी वाढतं तेव्हा माणसं सुरक्षित असतात आणि देवणी गाय, तिचं वासरू, बैलजोडी दाव्याला बांधलेली नदीकाठी असते. सकाळी पाणी ओसरल्यावर दिसतं ते असं: गोठ्याचे पत्रे बाभळीत अडकलेले, चारा बुरशीचा वास मारतोय, आणि दोन खुंट्यांपाशी दावं तसंच ताणलेलं. वाहून गेलेल्या जनावराचा शोध लागत नाही आणि शव सापडल्याशिवाय पंचनामा अवघड. देवणी ही इथलीच, शेजारच्या देवणीच्या नावानं देशभर ओळखली जाणारी जात. चांगल्या देवणी जोडीची किंमत काठच्या एखाद्या लहान शेतकऱ्याच्या वर्षाच्या उत्पन्नाहून जास्त असते.

भूकंपानंतरच्याच दशकात सोयाबीन आलं, आणि निलंग्याच्या पुराचा अर्थ खऱ्या अर्थानं बदलला तो इथं. सोयाबीनची गणितं सरळ होती. शंभर दिवसांत पीक, दिवाळीआधी रोख पैसा, लातूरच्या तेलगिरण्यांची आणि अडतीची जवळची बाजारपेठ, वर रब्बीचं रान मोकळं. बघता बघता जिल्ह्याच्या खरिपातला पाऊण भाग एकट्या सोयाबीननं व्यापला. ज्वारी मागं पडली, तिच्याबरोबर कडबाही. जूनच्या शेवटी पेरलेलं सोयाबीन सप्टेंबरच्या शेवटी काढणीला येतं. म्हणजे ज्या पंधरवड्यात पूर्वी काळी रानं रिकामी पाऊस पीत पडलेली असायची, नेमक्या त्याच पंधरवड्यात आता वर्षाची सगळी कमाई शेतात उभी असते, नाहीतर कापून गंजी लावून ताडपत्रीखाली मळणी यंत्राची वाट बघत असते. सोयाबीनला पाणी सोसवत नाही. चार दिवस ओलं राहिलं की शेंगांतच कोंब फुटतात. ज्वारी भिजली तर काळी पडून का होईना खाता तरी यायची. मोड आलेलं सोयाबीन गुरंही खात नाहीत आणि अडत्याही घेत नाही.

पुढची वर्षं या एका गोष्टीच्या आवृत्त्या आहेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून जलदूत रेल्वे लातूरला पाणी घेऊन आली. पहिल्या खेपेत पाच लाख लिटर. त्याच वर्षी पावसाळा संपता संपता मांजरा-तेरणा दुथडी वाहिल्या आणि धनेगावचं धरण भरलं. पाणी नाही म्हणून ज्यांनी जनावरं विकली, त्यांचीच काठची रानं पाण्याखाली गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये, हैदराबादला बुडवणारी वादळी प्रणाली काकिनाड्याहून पुढं सरकत मराठवाड्यावर आली आणि गंज्या वाहून गेल्या. सप्टेंबर २०२१ च्या शेवटी ‘गुलाब’ चक्रीवादळाच्या उरल्यासुरल्या ढगांनी धनेगावच्या याच मांजरा धरणाचे सगळे दरवाजे उघडायला लावले. नदीकाठच्या गावांत सुटकेसाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उतरलं.

२०२५ तर सलग. ऑगस्टच्या मध्याला शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, मुखेड तालुक्यातल्या हसनाळ, रावणगाव या गावांना रात्रीत पाण्यानं वेढलं. लेंडी धरणाचं काम अनेक दशकं रखडलेलं, पुनर्वसन अर्धवट, आणि धरणात पाणी मात्र साठलेलं. माणसं दगावली, जनावरांची तर गणतीच नाही. ऑगस्टअखेर लातूर जिल्ह्यात नद्या पात्राबाहेर आल्या. सप्टेंबरमध्ये धाराशिव, बीड, सोलापूर, लातूर असा सगळा पट्टा पुन्हा पाण्यात गेला.

आरोग्याचं चित्र या काळात पालटलं. मरीआईचा गाडा आता परंपरा म्हणून निघतो. पाणी ओसरल्यावर ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत आणि टाकीत टीसीएल पावडर टाकतो, आशाताई घरोघर मेडिक्लोर आणि क्षारसंजीवनीची पाकिटं देतात. पटकीनं गावं ओस पडत नाहीत. उरलेत ते चिवट आजार: हगवण, कावीळ, साचलेल्या पाण्यातून डेंग्यू, उंदरांच्या मुतानं दूषित चिखलातून लेप्टो. चिखलात उभं राहून सोयाबीन उपटणाऱ्या बायकांच्या पायांच्या बेचक्यात चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून सोलते, तरी दुसऱ्या दिवशी त्याच पायांनी रोजानं जावं लागतं. त्याची नोंद कुठल्याच तक्त्यात होत नाही. बिळात पाणी शिरल्यानं नाग, मण्यार, घोणस आखाड्याच्या, घराच्या आसऱ्याला येतात. निलंग्याला उपजिल्हा रुग्णालय आहे, लस मिळते. अडचण मधल्या नळकांडी पुलाची असते. पुलावरून पाणी असलं की साप चावलेला माणूस आणि दिवस भरलेली बाई अलीकडंच अडकते. गुडघाभर तर पाणी आहे म्हणून मोटारसायकल घालणारे दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या घरात सुतक आणतात. जनावरांत घटसर्प आणि फऱ्याची भीती. पावसाळ्याआधी लस टोचली असेल तर निभावतं.

पैशांचं गणित मात्र जुन्या सावकाराच्या वहीपेक्षा गुंतागुंतीचं झालं. पूर्वी पीकपाण्याचा अंदाज आण्यांत धरत, आता पैशांत. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी आली की गाव अडचणीत असल्याचं सरकार मान्य करतं. २०२३ मध्ये राज्यानं एक रुपयात पीकविमा दिला. त्यात गैरप्रकार झाल्याचं सांगत २०२५ च्या खरिपापासून ती योजना बंद झाली, आणि सोबत स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचं नुकसान हे भरपाईचे निकषही वगळले गेले. उरला फक्त पीककापणी प्रयोगावरचा महसूल मंडळाचा सरासरी हिशेब. निलंग्यासारख्या तालुक्यात याचा अर्थ स्पष्ट आहे: मंडळातली माळावरची रानं बरी पिकली तर नदीकाठच्या कोंब फुटलेल्या सोयाबीनचं दुःख सरासरीत बुडून जातं. निकष वगळले त्याच वर्षी असा पाऊस यावा, हा योगायोग शेतकऱ्याला योगायोग वाटला नाही.

७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारनं ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. रब्बीच्या दहा हजारांसह कोरडवाहू पिकाला हेक्टरी १८,५०० रुपये, दुभत्या जनावरामागं ३७,५००, गाळानं भरलेल्या विहिरीला ३०,०००. पिकाचा हेक्टरी आकडा मोठा दिसतो. एकरावर आणला की साडेसात हजारांच्या आत येतो, म्हणजे त्या वर्षीच्या ५,३२८ रुपयांच्या हमीभावानं धरलं तर दीड क्विंटलही सोयाबीन नाही. चांगल्या साली एकरी सहा-सात क्विंटल निघतं. शिवाय पैसे सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतात. बटईनं शेत करणारा आणि काढणीच्या उक्त्या कामावर दिवाळी काढणारा मजूर या हिशेबात नाही. पेवातल्या भिजक्या ज्वारीची आठवण इथं यावी.

मनावरच्या परिणामाबद्दल इथं बोलायची सवय नाही. ‘डोक्यात विचार लई येतात’ एवढंच माणूस सांगतो. इंग्लंडमध्ये २०१३-१४ च्या पुरानंतर वर्षभरानं पूरग्रस्तांची पाहणी झाली, तेव्हा ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं त्यांच्यातल्या सुमारे ३६ टक्के लोकांत आघातानंतरच्या ताणाची आणि २० टक्क्यांत नैराश्याची लक्षणं आढळली. सूचना न मिळता घर सोडावं लागलेल्यांची अवस्था त्याहून वाईट होती. विम्याचं कवच असलेल्या, पगारदार देशातली ही स्थिती. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या बाबतीत पाण्याबरोबर कर्जाची तारीख, मुलीचं ठरलेलं लग्न आणि मुलाच्या लातूरच्या शिकवणीची फी एकत्र येते. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला. आशाताईंनी घरोघर जाऊन खचलेला माणूस ओळखायचा आणि जिल्हा रुग्णालयापर्यंत आणायचा. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलीमानस’ ही सेवाही आहे. कल्पना चांगल्या आहेत. पण इंग्लंडच्या पाहणीतला सूचनेचा मुद्दा इथं जास्त मोलाचा वाटतो. बंधाऱ्याची दारं किती वाजता उचलणार हे संध्याकाळी गावाला कळलं तर दावणीची जनावरं सोडता येतात, मोटार वर काढता येते, निदान रात्र जागून काढावी लागत नाही. त्यासाठी औषध लागत नाही.

औराद शहाजानीला जलविज्ञान प्रकल्पाचं हवामान केंद्र आहे. लातूर जिल्ह्यातल्या थंडी-उन्हाच्या बातम्यांत त्याचे आकडे नेमानं येतात. पाऊस मोजला जातो, तापमान मोजलं जातं. वाहून गेलेली माती कुणी मोजत नाही.

आणि पुराचा सगळ्यात लांबणारा तोटा तोच आहे. बगलेनं फुटलेलं पाणी काठचं रान मुरमापर्यंत खरडून नेतं. २०२५ च्या पॅकेजमध्ये अशा जमिनीला हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतची कामं धरली आहेत. पैसा आला तरी माती आणायची कुठून? या भागात ती तलावांतून येते. चैत्र-वैशाखात तलाव आटले की ट्रॅक्टरनं गाळ उपसून शेतात पसरायचा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजना याच रीतीवर बेतलेली. पण ज्या साली हत्तीचा पाऊस एवढा पडतो, त्या साली तलाव उन्हाळ्यातही भरलेले राहतात आणि गाळ पाण्याखाली. रब्बी तर गेलीच, पुढच्या मृगाची पेरणीही मुरमावर होत नाही. मधलं वर्ष काढायला पुरुषमाणूस पुण्या-मुंबईला नाहीतर हैदराबादला कामाला जातो, आणि शेताच्या कागदपत्रांसाठी तलाठ्याच्या दारात बसायचं काम घरातल्या बाईवर येतं.